मोटार इंजिनातील हायड्रॉलिक टॅपेट : रचना, कार्य आणि निगा

मोटारीच्या इंजिनात इंधन जळते आणि त्या जळण्यातून गाडीला गती मिळते, एवढे ज्ञान बहुतेकांना असते. परंतु ते इंधन नेमक्या क्षणी सिलिंडरात यावे आणि जळालेला वायू नेमक्या क्षणी बाहेर पडावा, यासाठी इंजिनाला दारे असतात व ती दारे अचूक वेळी उघडावी आणि मिटावी लागतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. ही दारे म्हणजेच झडपा. कारागिरांच्या बोलीत व्हॉल्व. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते आणि तितक्याच वेळा मिटते. तासाभराच्या प्रवासात एकेका झडपेचे हे कार्य ९०,००० वेळा घडते.

अशा अविश्रांत चालणाऱ्या झडपेच्या माथ्यावर, अथवा तिच्या शेजारी, बोटाच्या पेराएवढा एक पोलादी भाग बसविलेला असतो. त्यास हायड्रॉलिक टॅपेट असे म्हणतात. त्याच्या पोटात चमचाभरही तेल मावत नाही. परंतु त्या थेंबभर तेलावर इंजिनाचे स्वास्थ्य अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या भागाची रचना, त्याचे कार्य आणि त्याची निगा यांचा परिचय करून देण्याचा उद्देश आहे. लेखक यंत्रशास्त्राचा पदवीधर नाही, आणि हा लेखही अभियंत्यांसाठी नाही. शासकीय वाहनांचे चालक, वाहनांची नोंदवही सांभाळणारे कर्मचारी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम घेणारे विद्यार्थी आणि स्वतःची गाडी बाळगणारे सामान्य वाचक यांना तो उपयोगी पडावा, अशी अपेक्षा आहे.

झडप आणि फट

झडपेचा आकार लांब दांड्याच्या छत्रीसारखा असतो. छत्रीचा गोल भाग सिलिंडरच्या तोंडावर घट्ट बसतो. दांडा वर निघतो. एक बळकट स्प्रिंग झडपेला सदैव मिटलेल्या स्थितीत ओढून धरते. तिला उघडण्याचे काम कॅम करतो. कॅम म्हणजे दंडावर घडविलेला, अंड्यासारखा एका बाजूने उंच झालेला भाग. दंड फिरला की हा उंचवटा झडपेवर येतो, तिला खाली दाबतो आणि पुढे निघून जातो. मागोमाग स्प्रिंग झडप मिटविते. कॅमांचा हा दंड इंजिनाच्या मुख्य दंडाच्या निम्म्या वेगाने फिरतो.

अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या आपल्या जुन्या परिचयाच्या गाड्यांत हा कॅमदंड इंजिनाच्या धडात खाली असे आणि तेथून लांब काड्यांच्या व रॉकरांच्या साहाय्याने वरच्या झडपा हलविल्या जात. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० मध्ये मात्र कॅमदंड थेट माथ्यावर, म्हणजे सिलिंडर हेडात, बसविलेला होता. त्या लहानशा गाडीने माथ्यावरील कॅमदंडाची रचना देशाच्या गावोगावच्या गॅरेजांत पोहोचविली. मधल्या काड्या गेल्या, हलणारे वजन घटले आणि इंजिनाला अधिक वेगाने फिरणे सुलभ झाले. आजच्या बहुतेक मोटारी याच पद्धतीच्या आहेत.

आता मुख्य अडचण पाहू. धातू तापला की वाढतो. सुमारे १०० मिलिमीटर लांबीची पोलादी झडप सरासरी ४०० अंश सेल्सियसने तापली, तर तिची लांबी जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरने वाढते. ज्या ॲल्युमिनियमच्या हेडात ती बसलेली असते तेही वाढते. पण ते पाण्याने थंड ठेवलेले असल्यामुळे कमी तापते. १०० मिलिमीटर ॲल्युमिनियम ८० अंशांनी तापल्यास वाढ भरते सुमारे ०.१८ मिलिमीटर. शिवाय झडप काही क्षणांत तापते, तर हेडाला तापण्यास काही मिनिटे लागतात. म्हणजे कॅम आणि झडप यांच्यामधील अंतर थंड इंजिनात एक, निघाल्यानंतर मिनिटाभराने दुसरे आणि पूर्ण तापलेल्या इंजिनात तिसरेच असते. त्यात भर पडते झिजेची. कॅम झिजला तर अंतर वाढते. झडप आपल्या बैठकीत घासून खोल बसू लागली तर ते कमी होते.

हे अंतर नसेल तर काय होईल? वाढलेली झडप कॅमला टेकून राहील आणि पूर्णपणे मिटणारच नाही. मिटलेली झडप आपली उष्णता बैठकीच्या वाटेने हेडाला देते. ती वाटच बंद झाली की तापलेले वायू फटीतून सुसाट निसटतात आणि झडपेची कड जाळतात. म्हणून झडपेला वाढण्यास जागा सोडावी लागते. या जागेसच टॅपेटची फट म्हणतात. पेट्रोल व डिझेल मोटारींत ती साधारणतः ०.१५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान असते.

जुनी पद्धत : पाना आणि पाती

ही फट राखण्याची जुनी पद्धत हाताची. कारागीर माथ्यावरील झाकण काढतो, दोन भागांच्या मधे ठराविक जाडीची पोलादी पाती सरकवितो, स्क्रू फिरवून फट जुळवितो आणि नट आवळतो. या पातीला गॅरेजात फिलर गेज म्हणतात. पाती सरकावी, पण किंचित अडखळत सरकावी, ही खूण. मारुती ८०० मध्ये हेच करावे लागे. काही इंजिनांत स्क्रूऐवजी निरनिराळ्या जाडीच्या चकत्या अथवा निरनिराळ्या जाडीची टोपणे निवडून बसवितात.

ही पद्धत स्वस्त आणि निर्धोक आहे. परंतु तिला दोन मर्यादा आहेत. पहिली मर्यादा अशी की, फट ही एक तडजोड असते. एकाच मापाने थंड इंजिनही चालवावयाचे आणि तापलेलेही, म्हणून थोडी जास्तच जागा ठेवावी लागते. त्यामुळे प्रत्येक वेळी कॅम झडपेवर हळुवार न टेकता तिला ठोका देतो. गाडीच्या माथ्यातून येणारी टकटक ती हीच. दुसरी मर्यादा माणसाची. ठराविक अंतर कापल्यानंतर हे काम कोणीतरी आठवणीने करावयास हवे. फट वाढली तर निदान आवाज होतो. कमी झाली तर आवाजही होत नाही, आणि दोष मुकाट्याने झडप जाळीत राहतो.

ही दोन्ही कामे, म्हणजे फट नाहीशी करणे आणि ती सदैव नाहीशी ठेवणे, यंत्रानेच करावीत या विचारातून हायड्रॉलिक टॅपेट निर्माण झाले. अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीने १९३० साली आपल्या सोळा सिलिंडरांच्या मोटारीत झडपांची फट तेलाच्या दाबाने मिटविण्याची योजना केली होती. त्या वेळी तो श्रीमंतांच्या गाडीतील शांततेचा थाट होता. पुढे ही योजना साध्या गाड्यांतही आली. १९८० च्या दशकाच्या मध्यास फोक्सवॅगनने आपल्या माथ्यावरील कॅमदंडाच्या इंजिनांत तिचा सरसकट अवलंब केला.

तेलाचा खांब

हायड्रॉलिक टॅपेटची रचना समजून घेण्यासाठी एकात एक बसणाऱ्या दोन भांड्यांची कल्पना करावी. बाहेरचे भांडे खाली बंद असते. त्यात वरून दुसरे भांडे, म्हणजे एक पोकळ दट्ट्या, सरकत बसतो. दट्ट्याच्या पोटात तेलाचा साठा असतो आणि हा साठा इंजिनाच्या तेलपंपाकडून येणाऱ्या वाटेशी जोडलेला असतो. दट्ट्याच्या तळाला एक छिद्र असते व त्या छिद्राला खालून एक बारीक गोळी झाकण घालते. गोळीखाली, दोन भांड्यांच्या तळांमध्ये, एक छोटी कोठी उरते. तीच दाबाची कोठी. त्या कोठीत एक स्प्रिंग असते व ती दट्ट्याला सतत वर लोटते. येथे सोयीसाठी वर आणि खाली असे म्हटले आहे. प्रत्यक्षात निरनिराळ्या इंजिनांत टॅपेट सरळ, तिरपे वा उलटेही बसविलेले असते.

आता एका फेऱ्याचा क्रम पाहू.

प्रथम, झडप मिटलेली आहे आणि कॅमची गोल बाजू टॅपेटकडे आहे. टॅपेटवर भार नाही. आतील स्प्रिंग दट्ट्याला वर लोटते आणि मधे जी काही फट असेल ती भरून काढते. दट्ट्या वर सरकताच दाबाच्या कोठीत जागा वाढते, तेथील दाब उतरतो, गोळी छिद्रावरून सुटते आणि साठ्यातील तेल कोठीत उतरते. फट नाहीशी होते.

नंतर कॅमचा उंचवटा येतो. टॅपेटवर झडपेच्या स्प्रिंगचा सारा भार पडतो. कोठीतील दाब एकदम चढतो आणि त्याच दाबाने गोळी छिद्रावर घट्ट बसते. तेलाला बाहेर पडण्यास मोठी वाट उरत नाही. द्रव पदार्थ दाबून फारसा लहान होत नाही, हा शाळेत शिकलेला नियम येथे कामास येतो. कोंडलेले तेल पोलादी खांबासारखे कठीण बनते आणि कॅमची हालचाल जशीच्या तशी झडपेला पोहोचविते.

तिसरी गोष्ट सर्वांत सूक्ष्म आहे. दट्ट्या आणि बाहेरील भांडे यांच्यामध्ये काही मायक्रॉनांची फट मुद्दाम राखलेली असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. झडप उघडी असताना या फटीतून तेलाचा अगदी अल्प अंश झिरपून निघतो आणि टॅपेट किंचित आखूड होते. झडप मिटताच पुन्हा तेल येते व उणीव भरून निघते. हे झिरपणे हा दोष नसून योजना आहे. झडप तापून लांब होऊ लागली की टॅपेट दर फेऱ्यास थोडे अधिक आखडते आणि तिला जागा करून देते. हेड वाढून अंतर पडू लागले की ते थोडे अधिक लांब होते. कोणत्याही पान्याशिवाय, दर फेऱ्याला, जुळवणी आपोआप होत राहते.

भोपाळच्या वाचकांना या तत्त्वाचा एक भव्य नमुना जवळच आहे. गोविंदपुऱ्याच्या भेल कारखान्यात जलविद्युत केंद्रांसाठी जी प्रचंड टर्बाइने घडविली जातात, त्यांच्या पाण्याच्या वाटा उघडण्या-मिटण्याचे जड कामही दाबाखालील तेलच करते. तेथे घागरींनी तेल लागते, येथे काही थेंब, तत्त्व एकच.

मांडणीचे तीन प्रकार

माथ्यावरील कॅमदंडाच्या इंजिनांत हा भाग तीन प्रकारे बसविला जातो.

पहिला प्रकार बादलीचा. उपड्या बादलीसारखे टोपण झडपेच्या दांड्यावर बसते, त्याच्या पोटात वरील यंत्रणा असते आणि कॅम थेट बादलीच्या पाठीवर घासत फिरतो. रचना सुटसुटीत, परंतु पूर्ण बादली झडपेबरोबर वर-खाली होत असल्याने हलणारे वजन जास्त.

दुसऱ्या प्रकारात टॅपेट हेडात एका जागी स्थिर असते. त्याच्या गोल डोक्यावर एका लहान तरफेचे एक टोक टेकते, दुसरे टोक झडपेवर असते आणि कॅम तरफेच्या मध्यावर बसविलेल्या चाकाला दाबतो. येथे टॅपेट हलत नाही, केवळ आधार देते. चाकामुळे घर्षणही कमी होते. अलीकडच्या इंजिनांत हा प्रकार विशेष आढळतो.

तिसऱ्या प्रकारात हीच यंत्रणा रॉकरच्या टोकात बसविलेली असते आणि तिला तेल रॉकरच्या पोकळ दंडातून मिळते.

आपल्या रस्त्यांवरील गाड्या

महाराष्ट्रात तयार होऊन मध्य प्रदेशाच्या रस्त्यांवर धावणाऱ्या अनेक गाड्यांत ही यंत्रणा आहे. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्रा येथे २००१ पासून जुळविल्या गेलेल्या स्कोडा ऑक्टाव्हियाच्या १.९ लिटर डिझेल इंजिनात बादलीच्या प्रकारची हायड्रॉलिक टॅपेट होती. फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनात तरफ आणि स्थिर टॅपेट ही दुसरी मांडणी आहे. पुण्याजवळ रांजणगाव येथे हे इंजिन तयार होत असे. टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये आणि मारुतीच्या डिझेल स्विफ्टमध्येही तेच, निरनिराळ्या नावांनी, बसविले गेले. २०२० च्या एप्रिलमध्ये नवे प्रदूषणनियम लागू झाल्यावर मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या. तरी त्या इंजिनांच्या कितीतरी गाड्या अद्याप रस्त्यावर आहेत. महिंद्रा स्कॉर्पिओत २००८ पासून आलेले एमहॉक इंजिन आणि चाकण येथे तयार झालेली फोक्सवॅगन पोलो यांतही हायड्रॉलिक जुळवणीच आहे.

याउलट मारुतीच्या के-मालिकेतील पेट्रोल इंजिनांत साधी, तेलाविना चालणारी टोपणे आहेत, आणि होंडा सिटीच्या पेट्रोल इंजिनांत स्क्रूने जुळवावयाचे रॉकर राहिले. म्हणून नवी गाडी म्हणजे हायड्रॉलिक टॅपेट, असे समजणे बरोबर नाही. हातात असलेल्या इंजिनाची पद्धत कोणती हे प्रथम निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहावे. एका पद्धतीचा उपाय दुसरीस लागू पडत नाही. हायड्रॉलिक टॅपेटला फिलर गेजचा उपयोग नाही, आणि स्क्रूच्या टॅपेटचा आवाज तेल बदलून जात नाही.

एकाच तेलावर पोसलेले कुटुंब

माथ्यावर कॅमदंड गेल्यामुळे त्याला फिरविणारी साखळी लांब झाली. ती सैल पडू नये म्हणून तिच्या पाठीशी जो ताणक असतो तोही पुष्कळ इंजिनांत तेलाच्या दाबानेच साखळीला रेटून धरतो. इंजिनाच्या वेगानुसार झडपा उघडण्याची वेळ मागे-पुढे करणारी यंत्रणा कॅमदंडाच्या टोकाला असते. तीही बहुधा याच तेलावर चालते. फियाटने २००९ साली आणलेल्या मल्टिएअर पद्धतीत तर याहून पुढचे पाऊल आहे. त्या पद्धतीच्या १.४ लिटर इंजिनात एकच कॅमदंड असून इनलेटच्या झडपा तो तेलाच्या स्तंभामार्फत उघडतो. विजेवर चालणारी एक लहान झडप त्या स्तंभातील तेल हवे तेव्हा सोडून देते. त्यामुळे इनलेटची झडप किती आणि किती वेळ उघडावी हे दर फेऱ्यास ठरविता येते. रांजणगाव येथे २०१७ पासून तयार होऊ लागलेल्या जीप कंपासच्या पेट्रोल प्रकारात हे इंजिन होते.

या सर्व भागांचे कार्य वेगवेगळे असले तरी त्यांचा पोशिंदा एकच, इंजिनाचे तेल. पूर्वी तेलाचे काम वंगणाचे होते. घर्षण कमी करणे आणि उष्णता वाहून नेणे. आता तेल हा इंजिनाचा एक हलता भाग बनला आहे. फट जुळविण्याचे काम यंत्राने माणसाच्या हातून घेतले खरे, परंतु ते तेलाच्या हाती सोपविले. आणि तेलाची काळजी घेणे हे काम माणसाकडेच राहिले. ही गोष्ट ज्याच्या ध्यानी आली त्याला पुढील सर्व नियम सांगावे लागणार नाहीत, ते आपोआप सुचतील.

आवाजाचा अर्थ

सकाळी गाडी सुरू करताच माथ्यातून काही क्षण टकटक येते आणि थांबते. यात भिण्याचे कारण नाही. इंजिन थांबले तेव्हा ज्या झडपा उघड्या राहिल्या, त्यांच्या टॅपेटमधील तेल रात्रभर स्प्रिंगच्या भाराखाली झिरपून गेलेले असते. तेलाचा दाब चढला की ती पुन्हा भरतात. या वेळी ॲक्सिलरेटर जोराने दाबू नये. मात्र हा आवाज दिवसेंदिवस अधिक वेळ टिकू लागला तर तेलाचा फिल्टर तपासावा. चांगल्या फिल्टरमध्ये तेल मागे वाहून जाऊ नये म्हणून रबरी पडद्याची योजना केलेली असते. दरपत्रकातील सर्वांत स्वस्त फिल्टरमध्ये हा पडदा निकृष्ट असण्याचा वा मुळीच नसण्याचा संभव असतो. खरेदीच्या वेळी वाचलेले थोडे रुपये पुढे टॅपेटच्या रूपाने वसूल होतात.

इंजिन तापल्यानंतरही आवाज राहिला तर पहिले काम तेलाची कांडी ओढून पाहण्याचे. तेल कमी असेल तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो. तेल प्रमाणाबाहेर जास्त असेल तर मुख्य दंड ते घुसळतो आणि फेस होतो. दोन्ही वाटांनी टॅपेटच्या कोठीत हवेचे बुडबुडे शिरतात. तेल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. खांब स्पंजासारखा मऊ होतो, आणि टकटक सुरू होते. म्हणून पातळी कांडीवरील दोन खुणांच्या मधे असावी. वरची खूण ओलांडणे हे उदारतेचे लक्षण नव्हे.

पातळी ठीक असताना आवाज असेल तर तेलाची मुदत, त्याची प्रत आणि दाब तपासावा. जुन्या तेलातील काजळी आणि चिकट गाळ गोळीच्या बैठकीत अडकतो, किंवा मायक्रॉनांच्या त्या फटीत दट्ट्याला जखडतो. दट्ट्या आखडलेल्या स्थितीत अडकला तर आवाज होतो. लांबलेल्या स्थितीत अडकला तर झडप पूर्ण मिटत नाही, त्या सिलिंडराचा जोर कमी होतो आणि झडप जळण्याचा धोका निर्माण होतो. आवाज दाबण्यासाठी अधिक दाट तेल ओतण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. ते तेल थंड इंजिनात अरुंद वाटांतून उशिरा पोहोचते आणि सकाळची टकटक उलट वाढते. पुस्तिकेत जी प्रत सांगितली असेल तीच वापरावी.

टॅपेटचा आवाज ओळखण्याची एक खूण आहे. कॅमदंड निम्म्या वेगाने फिरत असल्याने एका टॅपेटचे ठोके इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्मे पडतात. इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर ठोके ४००, म्हणजे सेकंदाला सहा-सात. आवाज बारीक, धातूचा आणि माथ्याकडून येणारा. याउलट आवाज जड असेल, खालून येत असेल आणि भार पडताच वाढत असेल, तर तो बेअरिंगचा असू शकतो. अशा वेळी, अथवा तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा चालू इंजिनात लागल्यास, गाडी तत्काळ थांबवावी. पुढच्या गावापर्यंत नेण्याचा मोह धरू नये.

उभी गाडी, चालू इंजिन

अरेरा टेकडीवरील वल्लभ भवन, सातपुडा भवन, विंध्याचल भवन या परिसरात शासकीय व भाड्याने घेतलेल्या गाड्यांच्या रांगा कामकाजाच्या दिवशी उभ्या असतात. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. बैठक केव्हा संपेल हे ठाऊक नसते; साहेब अथवा बाईसाहेब आल्यावर गाडी थंड असावी म्हणून वातानुकूलन चालू, आणि त्यासाठी इंजिनही चालू. चालकाचा यात दोष नाही. परंतु नोंदवहीत केवळ किलोमीटर लिहिले जातात, आणि उभ्या गाडीचे किलोमीटर शून्य असतात.

एक साधा हिशेब करून पाहू. एखादी गाडी दिवसास दोन तास अशी उभ्याने चालली आणि वर्षाचे २५० दिवस धरले, तर ५०० तास होतात. ताशी ४० किलोमीटरच्या सरासरीने हेच इंजिन रस्त्यावर ५०० तास चालले असते तर २०,००० किलोमीटर झाले असते. म्हणजे नोंदवहीप्रमाणे तेल बदलण्याची वेळ अद्याप दूर असते, आणि प्रत्यक्षात तेलाचे वय केव्हाच होऊन गेलेले असते. त्यात उभ्या इंजिनात तेलाचा दाब सर्वांत कमी आणि काजळी तुलनेने अधिक.

हिवाळ्यात दुसरी तऱ्हा. एका भवनातून दुसऱ्या भवनात, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या. इंजिन पुरते तापण्यापूर्वीच थांबते, आणि ज्वलनातून झालेली वाफ पाणी होऊन तेलात राहते. त्यातून गाळ साचतो. २०२० नंतरच्या अनेक डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडविणारी गाळणी असते. ती जाळून साफ करण्यासाठी पुष्कळ इंजिनांत जादा इंधन सोडले जाते. फेऱ्या तोकड्या असल्या की ही सफाई अर्धवट राहते आणि त्या इंधनाचा काही भाग तेलात उतरतो. तेल पातळ होते आणि कांडीवरील पातळी आपोआप वाढते. तेल कमी होत नाही म्हणून समाधान मानण्याऐवजी अशी वाढलेली पातळी तत्काळ कार्यशाळेस कळवावी.

उपाय खर्चाचे नाहीत. नोंदवहीत किलोमीटरच्या शेजारी उभ्याने चाललेल्या तासांचा एक रकाना असावा. तेल अंतरानुसार किंवा मुदतीनुसार, जे आधी येईल त्यानुसार, बदलावे. निर्मात्याने कठीण वापरासाठी वेगळी मुदत दिली असेल तर शहरातील प्रतीक्षेच्या गाड्यांना तीच लागू करावी. आणि शक्य तेथे सावलीत गाडी उभी करून इंजिन बंद ठेवावे. या शेवटच्या उपायास अधिकाऱ्यांचे सहकार्य लागते. बैठकीला अर्धा तास लागणार की तीन, एवढे चालकास सांगितले तरी पुष्कळ होईल.

दुरुस्तीच्या वेळी

हेड उघडण्याचा प्रसंग आल्यास पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात. काढलेली टॅपेट ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने ठेवावीत व परत त्याच जागी बसवावीत. प्रत्येकाची आपल्या जागेशी आणि आपल्या कॅमशी सवय झालेली असते. ती स्वच्छ जागी, धूळ लागणार नाही अशी झाकून ठेवावीत. भोपाळच्या उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या भागावर तासाभरात जेवढी धूळ बसते तेवढी मायक्रॉनांच्या फटीला पुरेशी घातक असते.

नवी टॅपेट बसविल्यावर इंजिन लगेच सुरू करू नये. ती तेलाने भरलेली, म्हणजे पूर्ण लांबलेली असू शकतात. अशा स्थितीत झडपा ठरल्यापेक्षा अधिक उघडून दट्ट्यांवर आपटण्याचा धोका असतो. फोक्सवॅगन समूहाच्या कार्यशाळा-पुस्तिकांत यासाठी सुमारे ३० मिनिटे थांबण्यास सांगितले आहे. या वेळात जादा तेल झिरपून टॅपेट योग्य लांबीवर येतात. नंतर मुख्य दंड हाताने दोन फेरे फिरवून पाहावा, आणि कोठे अडत नाही याची खात्री झाल्यावरच किल्ली फिरवावी. गर्दीच्या दिवशी हा अर्धा तास वाया गेला असे वाटते. पण वाकलेल्या झडपा बदलण्यास लागणारे दिवस आणि पैसा त्याहून कितीतरी अधिक.

गाळ झालेले इंजिन रॉकेलने धुण्याची जुनी रीतही टाळावी. रॉकेलचा जो अंश वाटांत मागे राहतो तो नव्या तेलाला पातळ करतो, आणि सुटलेला गाळ नेमका अरुंद छिद्रांत जाऊन बसतो. योग्य प्रतीचे तेल कमी मुदतीने दोन-तीन वेळा बदलणे हा संथ, परंतु सुरक्षित मार्ग आहे.

तात्पर्य

हायड्रॉलिक टॅपेटने कारागिराचे एक नियमित काम कमी केले, इंजिन शांत केले आणि झडपांचे आयुष्य वाढविले. पण जे काम दिसत नाही त्याचा विसर पडण्याचा संभव अधिक असतो. जुन्या गाडीत टॅपेट जुळविण्यासाठी झाकण उघडले जाई, तेव्हा कारागिराची नजर तेलाच्या रंगावर, कॅमच्या पाठीवर, झिजेवर सहजच पडे. आज ते झाकण वर्षानुवर्षे उघडत नाही. ती नजर आता तेलाच्या कांडीवर आणि नोंदवहीच्या रकान्यावर ठेवावयास हवी. शासकीय गाडी ही जनतेच्या पैशाची असते आणि आडरस्त्यावर ती बंद पडली तर कोणाचे तरी काम अडते. ते टाळणे चालकाच्या, नोंद ठेवणाऱ्याच्या आणि गाडीत बसणाऱ्याच्याही हाती आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. थंड इंजिनात आणि तापलेल्या इंजिनात टॅपेटची फट वेगवेगळी का असते?

२. टॅपेटमधील दट्ट्याभोवती झिरपण्यास जागा ठेवली नसती तर झडप तापल्यावर काय झाले असते?

३. तेल प्रमाणापेक्षा कमी असणे आणि जास्त असणे, या परस्परविरुद्ध कारणांनी टॅपेटचा एकच दोष कसा उद्भवतो?

४. आपल्या कार्यालयातील एका गाडीची मागील महिन्याची नोंदवही घेऊन, ती उभ्याने किती तास चालली असेल याचा अंदाज करा. तेल बदलण्याच्या तारखेत त्यामुळे कोणता फरक पडेल?